अजीमच्या नावापुढचा आकडा

दौंड,
४ मे २००२

चि. विश्वजीत यास,

मंगळवार, दिनांक २३ एप्रिल २००२, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून लिहून ठेवली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या तिकिटावर वेळ टाकण्यात गेली, त्यामुळे हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

त्या वेळी आमच्या दारात पोस्टमन उभा होता. नवीन माणूस. हातात रजिस्टर पत्र. आसमीनने दार उघडलं.

"अजीम कासम तांबोळी इथंच राहत्यात का?"

आसमीनने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सही त्यांचीच लागंल. घरात न्हाईत का? कवा येतील?"

साडेतीन वर्षांपूर्वी नवरा गमावलेल्या बाईने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते पोस्टाच्या नियमांत कुठे असेल तर मला कळव. सही मी केली.

पत्र कुरकुंभच्या कारखान्याचं होतं. ते जसंच्या तसं उतरवते: "आपण दि. ७/१०/१९९८ पासून रजेवर असून अद्याप कामावर रुजू झालेले नाहीत. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत हजर व्हावे, अन्यथा आपणांस कामावर येण्यात स्वारस्य नाही असे समजण्यात येईल."

स्वारस्य! सात ऑक्टोबर १९९८, बुधवार, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी तीन नंबरच्या प्लांटमध्ये ड्रायर फुटला आणि माझा मुलगा गेला. त्याच्या कफनाचं कापड मी स्वतः जाऊन आणलं. त्याला कामावर येण्यात स्वारस्य आहे की नाही, ते कारखान्याने त्याच्या कबरीपाशी जाऊन विचारावं. कब्रस्तान कारखान्याच्या बसच्या रस्त्यावरच आहे.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही. नोटिशीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत प्रोग्रॅम करणाऱ्या ऑफिसचं नाव आहे, आणि गाव शिरूर. त्या ऑफिसात तू नोकरीला आहेस हे तूच मला गेल्या ईदला शिरखुर्मा खाताना सांगितलं होतंस. अजीमबरोबर पाचवी ते दहावी एका बाकावर बसलेल्या मुलाला विचारते: 'रजेवर' हा शब्द आला कुठून? तो त्या दिवशी कामावर गेला होता. मी त्याला जाताना पाहिलं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो कंपनीच्या बसमध्ये चढला.

त्या नोटिशीनंतर आसमीनने मला एकच प्रश्न विचारला. "अम्मी, ते रजेवर व्हते, तर मग दिसभर कुटं व्हते?"

ऑपरेटरच्या कानाला एक फरक कळतो. लाईन मेलेली असणं वेगळं, आणि लाईनवर पलीकडे कुणीतरी गप्प असणं वेगळं. साडेतीन वर्षं माझ्या घरात पहिल्या प्रकारची शांतता होती. तिची सवय झाली होती. तेवीस एप्रिलपासून दुसऱ्या प्रकारची आहे.

उत्तराची वाट पाहते.

जुबेदा तांबोळी


शिरूर,
११ मे २००२

ती. जुबेदाचाची यांना विश्वजीतचा सलाम.

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. घरी आईला वाचून दाखवलं, तीही रडली.

चाची, कॉम्प्युटरला माणूस कळत नाही. ज्यांची रजा संपली आणि जे परत आले नाहीत, त्यांची यादी तो दर महिन्याला काढतो. आतापर्यंत ही यादी पर्सोनेलच्या टेबलावर पडून राहायची. या एप्रिलपासून कारखान्याने यादीतल्या प्रत्येकाला आपोआप नोटीस जाईल असं करून घेतलं. मृत्यूची नोंद पर्सोनेलच्या वेगळ्या फाईलमध्ये असते, ती हजेरीच्या प्रोग्रॅमला दिसत नाही. म्हणून हा प्रकार झाला. मी अजीमचं नाव त्या यादीतून काढून टाकलं आहे. पुन्हा पत्र येणार नाही. आलेलं पत्र फाडून टाका.

रजेचं म्हणाल तर, कदाचित त्याने त्या दिवशी खरंच रजा टाकली असेल, आणि दुपारी कुणाला भेटायला आत गेला असेल. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, कुणाचं काही अडलं की हा पुढे. चार वर्षांनी ते उकरून आपल्यालाच त्रास. आसमीनभाभींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.

तब्येतीची काळजी घ्या. बीपीच्या गोळ्या चुकवू नका.

आपला,
विश्वजीत दोरगे


दौंड,
१४ मे २००२

विश्वजीत,

माझं बीपी ठीक आहे. तुझं पत्र वाचेपर्यंत होतं.

रजेवरचा माणूस मित्राला भेटायला जातो तेव्हा रबरी बूट घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून ड्रायरच्या तोंडाशी उभा राहतो काय रे? आणि गेटवरचा वॉचमन त्याला "या, बसा" म्हणून आत सोडतो? मी एकदा त्याचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, तर मला गेटबाहेर पाऊण तास उभं केलं होतं. मी त्याची आई आहे हे सांगूनही.

तू माझं सांत्वन करण्यासाठी माझ्या मुलाला खोटारडा ठरवलंस. घरून डबा घेऊन कामावर जातो असं सांगून निघालेला आणि रजा टाकून भलतीकडे फिरलेला. हे असं सांत्वन शेजारची गीताबाईही करते, आणि ती निदान शाळेत गेलेली नाही. परवा नळावर आसमीनला म्हणाली, "बाई, गडी रजा काढून कुठं गेला व्हता, कुणाकडं, ते बघाया पायजे व्हतं तवाच."

दुसऱ्या दिवशी आसमीन यवतला माहेरी निघून गेली. जाताना भिंतीवरचा त्याचा फोटो तिने काढला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. नवरा मेला तेव्हा तिने माझं घर सोडलं नव्हतं. आता सोडलं. तुझ्या कॉम्प्युटरने केलेलं काम ते हे आहे, आणि 'पुन्हा पत्र येणार नाही' याने ते भरून येत नाही.

म्हणून साधा प्रश्न. आमच्या काळी हजेरीपटावर कुणीतरी हाताने लिहायचं आणि अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. 'रजा' हे अक्षर कुणाचं आहे? कुणी लिहिलं, कधी लिहिलं? शोध, आणि मग लिही. काळजी नंतर कर.

जुबेदा तांबोळी


शिरूर,
२ जून २००२

ती. चाची यांना सलाम.

उशीर झाला, क्षमा करा. कुरकुंभला दोनदा जाऊन आलो.

तुम्ही विचारलं 'रजा' कुणी लिहिलं. चाची, कुणीच लिहिलं नाही. कॉम्प्युटरमध्ये 'रजा' हा शब्दच नाही. अजीमच्या नावापुढे ७/१०/९८ या तारखेला फक्त एक आकडा आहे: ३.

हे नीट सांगतो. हजेरीचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅमचा एक भाग असतो, त्याला आम्ही कंपोनंट म्हणतो. तुम्ही त्याला टाइम ऑफिसची, म्हणजे हजेरी नोंदवायची, खिडकी समजा. कॅन्टीनचा प्रोग्रॅम, पर्सोनेलचा प्रोग्रॅम, नोटीस काढणारा प्रोग्रॅम, सगळे त्या खिडकीशी येऊन विचारतात: अमुक माणूस अमुक दिवशी कसा होता? खिडकीच्या आत एक यादी असते, कुठल्या आकड्याचा अर्थ काय. पण बाहेर फक्त आकडा सरकवला जातो. अर्थ ज्याचा त्याने आपल्याकडच्या कागदावरून लावायचा.

१९९८ साली यादी अशी होती: ० म्हणजे गैरहजर, १ हजर, २ रजा, ३ जादा पाळी. २००० साली कंपोनंट नव्याने लिहिला गेला. तेव्हा यादीत 'साप्ताहिक सुटी' हा नवीन प्रकार घातला गेला. तो मधे घातला गेल्यामुळे खालचे सगळे एकेक घर सरकले. सुटी झाली २, रजा झाली ३, जादा पाळी झाली ४. पण जुन्या नोंदींतले आकडे होते तेच राहिले.

म्हणजे अजीमचा ३ हा जुन्या यादीतला ३ आहे. जादा पाळी. तो सात ते तीन पहिली पाळी करून दुसऱ्या पाळीलाही थांबला होता. तुमचं बरोबर होतं, चाची. तो कामावरच होता.

हे भाभींना कळवा. आता सगळं स्पष्ट झालं.

आपला,
विश्वजीत


दौंड,
५ जून २००२

विश्वजीत,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पदर तोंडात धरला होता, हे तुला सांगायला हरकत नाही. दुसऱ्यांदा आकडे नीट समजून घेतले. तिसऱ्यांदा वाचताना जुनी सवय जागी झाली.

"लिहिला गेला." "घातला गेला." "घातला गेल्यामुळे." कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, फुलदाणी फुटली म्हणणाऱ्या मुलीच्या हाताकडे आधी पाहावं. कुणी लिहिला? कुणी घातला? यादीला हात होते काय?

आमच्या एक्स्चेंजची एक रीत तुला सांगते. एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर बंद झाला, माणूस गाव सोडून गेला किंवा वारला, तर तो नंबर लगेच दुसऱ्याला द्यायचा नाही. महिनोन्‌महिने रिकामा ठेवायचा. कारण लोक फोन करत राहतात. कुणी केला तर ऑपरेटरने मधे येऊन सांगायचं, बाई, हा नंबर आता त्यांचा नाही. एकदा घाईत एका वारलेल्या वकिलांचा नंबर आठवड्यात नव्या दुकानाला दिला गेला. वकिलांची म्हातारी बहीण बार्शीहून दर रविवारी फोन करायची. तिला कुणी कळवलंच नव्हतं. पलीकडून एक परका पुरुष "हॅलो, काय पाहिजे?" म्हणाला, आणि ती म्हणाली, "दादा, आवाज असा काय झाला तुझा?" लाईन जोडून देणारी मी होते. मी दोघांच्या मधे बसून ते ऐकलं. 'नंबर दिला गेला' असं मी तेव्हा म्हटलं नाही. रजिस्टरमध्ये माझ्या हाताने लिहिलं की चूक माझी, कारण बोर्डावर चिठ्ठी लावायचं काम माझं होतं.

आता माझी दुसरी चूक लिहिते. आसमीन यवतला गेल्यावर मी अजीमची ट्रंक उघडली. शर्टांचे खिसे तपासले. पाकिटातले कागद उलगडून पाहिले, कुठलं तिकीट, कुठला पत्ता, कुणाचं नाव सापडतं का. काही नव्हतं. पण मी शोधलं. मी, जिने त्याला बसमध्ये चढताना पाहिलं होतं, मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही आणि छापील कागदावर ठेवला. तेव्हापासून ट्रंकेच्या खोलीत गेले की वाटतं, तो तिथे उभा राहून पाहतोय आणि काही म्हणत नाही. तो कधीच उलट बोलायचा नाही, हे तुलाही माहीत आहे.

म्हणून मला नाव पाहिजे. नवीन प्रकार मधे कुणी घातला, आणि का? शेवटी का नाही? यादीच्या तळाशी जागा नव्हती?

जुबेदा तांबोळी


शिरूर,
२७ जून २००२

ती. चाची,

मी घातला.

तीन आठवडे हे दोन शब्द लिहिता येत नव्हते. आज ऑफिसात कुणी नाही, म्हणून लिहितो.

कंपोनंट मी लिहिला. माझं पहिलं मोठं काम होतं. टाइम ऑफिसात तेव्हा सर्जेराव आबा होते, तीस वर्षं हजेरीपट लिहिलेले. त्यांच्या हजेरीपटात रकान्यांचा क्रम ठरलेला: गैरहजर, हजर, मग लाल शाईने साप्ताहिक सुटी, मग रजा. मी सुटी शेवटी टाकली होती. आबा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "आरं, सुटी रजेच्या वर असती. माझं बोट रकान्यानं चालतंय, तुझ्या डोक्यानं न्हाई." म्हातारा माणूस, दोन महिन्यांत रिटायर होणार. त्यांचा मान राखावा म्हणून मी ओळ उचलून मधे ठेवली. आकडे आपोआप लागतात, चाची. पहिल्या ओळीला शून्य, पुढे एक एक. मी आकड्यांकडे पाहिलंच नाही, नावांकडे पाहिलं.

आणि ती नावंही मी आतच ठेवली. ती बाहेर देता आली असती. खिडकीवर यादी टांगायची, एवढंच काम. मग नोटिशीच्या प्रोग्रॅमने "तीन आहे का?" असं न विचारता "रजा आहे का?" असं नावाने विचारलं असतं. आणि जुन्या नोंदी नव्या आकड्यांत उतरवून घ्यायला हव्या होत्या. मला वाटलं, आकडा पुरे.

अजून एक. मला हे जानेवारी २००१ मध्ये कळलं होतं. एका माणसाची जुनी हजेरी चुकीची छापली गेली, तेव्हा मी शोधलं आणि कपाळाला हात लावला. २०००च्या नोंदी मी गुपचूप दुरुस्त केल्या. त्याआधीच्या केल्या नाहीत. जुन्या कोण बघतंय, असं म्हटलं. त्या जुन्यांत अजीम आहे हे माझ्या मनात आलं नाही असं मी सांगू शकलो असतो. पण आलं होतं. त्याची तारीख मला पाठ आहे. त्या महिन्यापासून 'रजा संपून हजर न झालेले' या यादीत दर वेळी त्याचं नाव छापून यायचं. मी शिरूरहून यादी पाठवण्याआधी ते वाचायचो. पंधरा महिने वाचलं. काढून टाकायला हात धजेना. वाटायचं, काढलं की तो दुसऱ्यांदा गेला. आणि ठेवलं की तो कुठल्यातरी रजेवर आहे, येईल.

आता जुन्या सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या आहेत. नवीन छापील उतारा सोबत जोडला आहे. बघा, ७/१०/९८ पुढे 'जादा पाळी' असं आलं आहे. त्याच्या शेजारी 'कारण: २' असं आहे, तिकडे लक्ष देऊ नका. जादा पाळी कशामुळे केली याचा तो आकडा, आता कुणी वापरत नाही. त्याची यादी माझ्या आधीच्या माणसाने केलेल्या जुन्या कंपोनंटमध्ये होती. त्याच्या फ्लॉपी ऑफिसच्या कपाटात असतील, पण त्याचा आता उपयोग नाही.

चाची, एक विनंती. हे कारखान्याला लेखी कळवू नका. मालक मला ठेवणार नाहीत. चूक दुरुस्त झाली आहे, उतारा तुमच्या हातात आहे. भाभींना दाखवा.

तुमचा,
विश्वजीत


यवत,
८ जुलै २००२

अम्मी,

सलाम. तुमी माज्या आब्बांच्या हाती दिलेला कागद मिळाला. मी सातवी शिकले, मला वाचता येतं, पण तुमच्यावानी लिवता येत न्हाई, तवा समजून घ्या.

कागदावर जादा पाळी हाय. म्हंजी ते कामावर व्हते. तुमाला बरं वाटलं आसंल. मला बी वाटलं, पयल्यांदा. मी दोन रकात नमाज पढले.

मग मला कळलं की आता मला जास्त जड झालंय.

अम्मी, त्या दिशी सकाळी आमचं वाजलं व्हतं. माज्या भावाच्या लग्नाला चार दिस आदी जायाचं का दोन दिस, एवढ्यावरनं. तुमी तवा न्हाणीत व्हता, तुमाला ऐकू गेलं न्हाई; भाईर आला तवा ते बसपाशी पोचले व्हते. ते डबा घेऊन निघाले, आन् मी दारात म्हनले, "आज घरी न्हाई आलं तरी चालंल." ते हसले न्हाईत. तसेच गेले.

रजा म्हनून कागद आला तवा मला वाटलं, रागानं कुटंतरी गेले आसतील. दुसरीकडं. मला लई राग आला, खरं सांगते. पन राग आला म्हंजी माजं वझं जरा हलकं झालं.

आता जादा पाळी. तीनला सुटी झाली आसती. पाऊनेचारला घरी आले आसते. चार चाळीसला माज्या हातचा चहा पीत आसते. अम्मी, जादा पाळी त्यांनी सवताहून मागितली का त्यांना कुनी थांबवलं? मी म्हनले म्हनून ते थांबले का?

कागदावर कारन २ लिवलंय. दोन म्हंजी काय?

मला खरं सांगा. खरं कळंपर्यंत मी तिकडं येत न्हाई. त्या दारातनं मला आत पाऊल टाकता येत न्हाई.

आसमीन


दौंड,
१६ जुलै २००२

विश्वजीत,

आसमीनचं पत्र तू वाचावंस म्हणून सोबत पाठवते आहे. माझ्या पत्राआधी ते वाच. ऑफिसात कुणी असेल तर जिन्यात जाऊन वाच.

वाचलंस? आता 'तिकडे लक्ष देऊ नका' या तुझ्या ओळीकडे पुन्हा एकदा पाहा.

शनिवारी मी वढू बुद्रुकला जाऊन आले. तीन बस बदलल्या, गुडघ्यांनी जागोजाग निषेध नोंदवला. सर्जेराव रिटायर झाल्यावर तिथे मुलीकडे राहतात. समाधीच्या वाटेवर घर आहे, येणारे-जाणारे यात्रेकरू पाणी मागतात म्हणून ओसरीवर माठ ठेवलाय. अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी नाव सांगितलं, तशा शेंगा बाजूला ठेवल्या आणि उठून उभे राहिले.

"अजीमची आई का तुमी? या, बसा. गुनी पोरगं. माज्या खिडकीशी आलं की आदी 'आबा, सलाम' म्हनायचं, मग कारड."

मी विचारलं, "आबा, जादा पाळीची नोंद तुम्हीच करत होता ना? कारणाचा आकडा टाकायचा असायचा."

"व्हय. कॉम्प्युटरच्या काचंवर कारड चिकटवलं व्हतं. तीन वळी. बगून आकडा हानायचा."

"तीन ओळी कुठल्या?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि बोटाने हवेत रकाना काढला. "पयली: बदलीचा गडी आला न्हाई. दुसरी: सवताहून मागितली. तिसरी: सायबाचा हुकूम." तिन्ही त्यांना पाठ होत्या, वाटही पाहावी लागली नाही. मग मी विचारलं, "आणि आकडे? पहिल्या ओळीसमोर एक होता की शून्य?"

त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"हजेरीच्या कारडावर शून्य व्हतं. गैरहजरला शून्य, त्ये मला पक्कं ध्यानात हाय. ह्या कारडावर... बाई, खोटं सांगत न्हाई. आठवत न्हाई. मी म्हनायचो बी, मानूस मोजायला एकापासनं लागतो, तुमचं यंत्र शून्यापासनं कशाला मोजतंय? तवा कदी आसं, कदी तसं आसायचं."

"त्या दिवशी तुम्ही स्वतः आकडा टाकलात. अजीम खिडकीशी आला असेल. काय म्हणाला, आठवतं?"

"त्यो न्हाई आला. कागुद आला प्लांटमदनं. कुनी आनला, त्ये बी ध्यानात न्हाई." आणि मग मला म्हणाले, "कशाला उकरता, बाई? दोन्हीकडनं पोरगं ग्येलंच की." माझ्या हातात शेंगांची पुरचुंडी दिली. मी घेतली. नाही म्हणता आलं नाही.

तेव्हा गणित असं आहे, आणि ते तुझ्यासारख्या शिकलेल्याला समजेल. यादी एकापासून सुरू होत असेल, तर दोन म्हणजे स्वतःहून मागितली. म्हणजे सकाळी दारात बायको जे बोलली, ते माझा मुलगा दिवसभर मनात घेऊन बसला आणि घरी यायला नको म्हणून थांबला. यादी शून्यापासून सुरू होत असेल, तर दोन म्हणजे साहेबाचा हुकूम. म्हणजे तो घरी निघाला होता आणि कुणीतरी त्याला हाताला धरून ड्रायरकडे परत पाठवलं. एका घराच्या फरकावर माझ्या सुनेचं उरलेलं आयुष्य उभं आहे. ती अठ्ठावीस वर्षांची आहे.

तुझी भीती मला समजते. हुकूम निघाला तर कारखान्याला तो नको असेल, आणि कारखाना तुझ्या मालकाचं गिऱ्हाईक आहे. 'स्वतःहून' निघालं तर तुला ते माझ्यापर्यंत येऊ द्यायचं नसेल, कारण तू चांगला मुलगा आहेस आणि चांगल्या मुलांना बरं वाटेल असं लिहायची खोड असते. दोन्ही कारणांनी तू खोटं लिहू शकतोस. म्हणून आधीच सांगते: मला बरं नको, खरं पाहिजे. आसमीननेही तेच मागितलं आहे. मी तिला दोन्ही उत्तरं सांगू शकते. पहिलं सांगायचं झालं तर मी तिच्याजवळ बसून सांगेन, आणि सांगून झाल्यावर उठणार नाही. दुसरं सांगायचं झालं तर मी नंतर गेटवर जाईन, आणि तेव्हा पाऊण तास नाही, दिवसभर उभी राहीन. पण 'माहीत नाही' घेऊन मी तिच्याकडे जाणार नाही. माहीत नसण्यात ती राहते आहे, तिथे मी तिला आणखी ठेवणार नाही.

तुझ्या नावाविषयी: तू मागितलंस ते मी अर्धं देते. कारखान्याला मी तुझं नाव कळवणार नाही. ते तू स्वतः कळव, किंवा कळवू नकोस आणि त्याच्याबरोबर जग. पंधरा महिने यादीत त्याचं नाव वाचत होतास, म्हणजे तुला जगायची थोडी सवय झाली आहे. पण माझं पत्र तू लपवलंस, किंवा उत्तर दिलं नाहीस, तर मी शिरूरला येऊन तुझ्या ऑफिसच्या जिन्यात खुर्ची टाकून बसेन. येणाऱ्या-जाणाऱ्याला का बसले ते सांगेन. निवृत्त बाईकडे वेळ भरपूर असतो आणि माझा आवाज एके काळी बार्शीपर्यंत पोचायचा.

तर कपाट उघड. फ्लॉपी शोध. जुन्या कंपोनंटच्या आत जी यादी आहे, जी कुणाला दाखवायची गरज वाटली नाही, ती ओळीने उतरवून काढ. प्रत्येक ओळीसमोर तिचा आकडा लिही. फ्लॉपी वाचता येत नसेल, तर ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्या माणसाला गाठ. तो बंगळूरला असो की अमेरिकेला, टेलिफोन आता सगळीकडे लागतात. फोनवर मला सांगू नकोस. माझ्या कानावर आता माझाच विश्वास नाही.

रविवारी, २८ जुलैला, मी सकाळच्या बसने यवतला जाणार आहे. आसमीनला कळवलं आहे.

यादी शून्यापासून सुरू होत होती की एकापासून, एवढंच. लेखी, तुझ्या हस्ताक्षरात, शनिवार, दिनांक २७ जुलै २००२, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या दारात.

जुबेदा कासम तांबोळी